क्रोम घरी का होत नाही?

तुमच्या बाथरूममधल्या नळाकडे एकदा नीट बघा. किंवा गल्लीत उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या बुलेटकडे. ज्या निळसर चकाकीला आपण 'क्रोम' म्हणतो, तिच्यात क्रोमियम किती असतं? शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दीडशेवा भाग, कधी त्याहूनही कमी. त्याच्या खाली निकेलचा कितीतरी जाड थर असतो आणि त्याखाली बहुतेक वेळा तांब्याचा. खरी झळाळी निकेलची असते. क्रोमियम तिला थोडी निळी छटा देतं आणि ती काळवंडू देत नाही.

एवढासा तर थर! मग तो घरी का देता येऊ नये? अमेरिकेत हा प्रश्न विचारणाऱ्यांची एक अख्खी जमात आहे. जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणारे, प्लास्टिकच्या छोट्या मॉडेल-गाड्या बनवणारे, आजोबांच्या काळातला रेडिओ पुन्हा चमकवणारे. यांच्या गॅरेजमध्ये लेथ असते, वेल्डिंग असतं, रंगाची गन असते. तांब्याचा थर ते घरी देतात, निकेलचाही देतात. क्रोमपाशी मात्र गाडी अडते. मग एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: 'सरकारनं नियम करून सगळं बंद पाडलं.'

हे वाक्य तपासून बघण्यासारखं आहे. कारण क्रोमचा इतिहास उलगडला की दिसतं, नियम यायला जवळपास ऐंशी वर्षं उशीर झाला होता. आणि त्या उशिराची किंमत गॅरेजवाल्यांनी मोजलेली नाही.

दारात येणारी कल्हई, दारात न येणारं क्रोम

आपल्याकडे धातूवर धातू चढवणं नवीन नाही. कल्हईवाला दारात यायचा. जमिनीत छोटा खड्डा, कोळसे, भाता, नवसागर, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा एवढ्यावर त्याचं काम चालायचं. पितळेचं पातेलं तुमच्या डोळ्यांदेखत पांढरंशुभ्र व्हायचं. धूर व्हायचा, ठसका लागायचा. पण सगळी प्रक्रिया अंगणात मावायची.

विजेनं मुलामा देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली. सोनं, चांदी, तांबं, निकेल या सगळ्यांचं तत्त्व सारखंच. धातूच्या क्षाराचं पाणी घ्या, त्यात वस्तू ऋणाग्राला टांगा, धनाग्राला त्याच धातूची पट्टी लावा आणि वीज सोडा. पट्टी झिजत जाते, वस्तूवर थर चढत जातो. बोस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स यांनी १८६९ मध्ये निकेल मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेतल्या शेगड्या, सायकली, दिवे निकेलनं चमकायला लागले. १९१६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेलच्या द्रावणाची जी कृती दिली, तीच थोड्याफार फरकानं आजही वापरली जाते, कारखान्यांत आणि गॅरेजमध्येही.

पण निकेल पिवळट पडतं. गाडीचा रेडिएटर चमकता ठेवायचा तर सतत घासावा लागायचा. ज्याला घासावं लागणार नाही असा थर सगळ्यांना हवा होता.

कोलंबियातला एक टक्का

क्रोमियमचा शोध १७९७ सालचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँ यांना ते सायबेरियातून आलेल्या केशरी-लाल खनिजात सापडलं. विजेच्या मदतीनं ते वेगळं करण्याचे प्रयत्नही १८५० च्या दशकातच सुरू झाले होते. पण थर कधी चढायचा, कधी नाही. आज छान चकचकीत, तर उद्या त्याच टाकीतून काळपट. कारण कुणालाच नीट कळत नव्हतं.

१९२० मध्ये जॉर्ज सार्जंट यांनी कॉर्नेल विद्यापीठातले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या द्रावणात क्रोमिक अ‍ॅसिड भरपूर होतं आणि सल्फेट अगदी थोडं. त्यानंतर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी या थोड्याशा सल्फेटवरच लक्ष केंद्रित केलं. सल्फेट हे इथे उत्प्रेरकाचं काम करतं, असं त्यांचं म्हणणं. प्रमाण साधारण शंभराला एक. सल्फेट कमी पडलं तरी थर बिघडतो, जास्त झालं तरी बिघडतो. १९२६ च्या एप्रिलमध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि पुढे त्यावरून बरेच खटलेही लढले गेले.

आता गंमत बघा. दोनशे-तीनशे ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये दोन-तीन ग्रॅम सल्फेट हे गणित शाळकरी पोरालाही जमेल. मग अडचण कुठे आहे?

अडचण क्रोमियमच्या स्वभावात आहे. निकेलसारखी क्रोमियमची पट्टी धनाग्राला लावून चालत नाही. तिथे शिसं लागतं आणि क्रोमियम सगळं द्रावणातूनच काढावं लागतं. द्रावणात ते सहासंयुजी रूपात असतं, म्हणजे प्रत्येक अणूला धातू व्हायला सहा इलेक्ट्रॉन हवेत. त्यातून तुम्ही सोडलेल्या विजेपैकी जेमतेम १० ते २० टक्के वीज क्रोमियमच्या कामी येते. उरलेली मुख्यतः पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते.

म्हणून वीजही जास्त लागते. तळहाताएवढ्या पृष्ठभागाला निकेलसाठी २ ते ५ अँपिअर पुरतात, क्रोमसाठी १० ते २० लागतात. तुमचा भाग अगदी लहान असेल, उदाहरणार्थ मॉडेल-गाडीचा बंपर, तर हा विजेचा प्रश्न सुटतो. पण त्या हायड्रोजनचा प्रश्न सुटत नाही. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर नाकाला बारीक तुषार लागतात ना? क्रोमच्या टाकीतून तसेच तुषार उडतात. फरक इतकाच की त्यांच्यात क्रोमिक अ‍ॅसिड असतं.

नाकाच्या पडद्याचं मोजमाप

फिंक यांच्या पेटंटला दोन वर्षं झाली होती. ओल्ड्समोबिलसारख्या गाड्यांचे रेडिएटर क्रोमनं झळकायला लागले होते. आणि अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसनं १९२८ साली एक छोटा अहवाल छापला. लेखक दोघं, जे. जे. ब्लूमफील्ड आणि विल्यम ब्लम. यातले ब्लम कोण, हे महत्त्वाचं आहे. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले मुलामा-तज्ज्ञ. या विषयावरच्या प्रमाण पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक होते. म्हणजे हा अहवाल उद्योगाच्या विरोधकानं लिहिलेला नव्हता. ज्यांना हा धंदा वाढायला हवा होता, त्यांच्यातल्याच एकानं तो लिहिला होता.

त्यांनी सहा कारखान्यांतल्या २३ कामगारांची तपासणी केली. नाकातून रक्त येणं, आतल्या त्वचेवर व्रण आणि काही जणांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला चक्क भोक पडलेलं. क्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यांत हे आधीपासून माहीत होतं. हातावरच्या खोल व्रणांना कामगारांच्या बोलीत 'क्रोम होल' असा शब्दच होता. नाकातल्या भोकाची विचित्र गोष्ट अशी की ते पडताना अनेकदा फारसं दुखत नाही. माणूस कामावर येत राहतो.

ब्लूमफील्ड आणि ब्लम यांनी हवा मोजली आणि एक आकडा दिला: १० घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड. याहून जास्त हवेत रोज काम केलं तर नाकाला इजा होणारच. टाकीच्या काठावरच हवा ओढून घेणारी व्यवस्था हवी, हेही त्यांनी सांगितलं.

हा आकडा लक्षात ठेवा. त्यानं बघितलं होतं फक्त नाक. फुप्फुसाचा प्रश्न १९२८ मध्ये त्यांच्यासमोर नव्हताच.

१९४८ मध्ये माक्ली आणि ग्रेगोरियस या संशोधकांनी अमेरिकेतल्या क्रोमेट कारखान्यांमधल्या मृत्यूंचा अभ्यास छापला. फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे कितीतरी पटींनी जास्त होतं. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सहासंयुजी क्रोमियमला माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवलं. आणि नियमाचं काय झालं? १९४३ मध्ये तोच एक मिलिग्रॅमचा आकडा राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. १९७१ मध्ये नव्यानं स्थापन झालेल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्यानं तो जसाच्या तसा उचलला. १९९३ मध्ये पब्लिक सिटिझन ही संस्था आणि एक कामगार संघटना यांनी तो बदलण्याची मागणी केली. काही हललं नाही. शेवटी कोर्टानं खात्याला मुदत घालून दिली आणि २००६ च्या फेब्रुवारीत नवा नियम आला: घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम.

जुना आकडा याच मापात मांडला तर ५२ येतो. म्हणजे १९२८ ते २००६, अठ्ठ्याहत्तर वर्षं, नाक वाचवण्यासाठी काढलेला आकडा फुप्फुसासाठी चालवून घेतला गेला. ओशाचा स्वतःचाच अंदाज वाचा. ५२ च्या पातळीवर ४५ वर्षं काम केलं तर दर हजार कामगारांमागे १०१ ते ३५१ जणांना क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. ५ च्या पातळीवर १० ते ४५ जणांना. धोका उरतोच, हे खात्यानं लेखी मान्य केलं. आधी प्रस्ताव १ मायक्रोग्रॅमचा होता. उद्योगाला तो परवडणार नाही, म्हणून ५ वर तडजोड झाली.

घरातलं क्रोम म्हणजे दुसरंच काहीतरी

दरम्यान अमेरिका क्रोमच्या प्रेमात आकंठ बुडाली होती. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियम लढाईसाठी राखून ठेवलं गेलं. १९४२ च्या सुरुवातीला बाहेर पडलेल्या शेवटच्या मोटारींच्या पट्ट्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. युद्ध संपल्यावर तो उपास जोरात सोडला गेला. १९५८-५९ च्या ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक बघितल्या तर पत्र्यावर क्रोम आहे की क्रोमवर पत्रा, असा प्रश्न पडतो.

याच वर्षांत पोरांच्या हातात त्या गाड्यांची प्लास्टिकची प्रतिरूपं आली. मिशिगनच्या एएमटी कंपनीचे मॉडेल-संच घरोघरी पोचले. डब्यात चमकणारे बंपर आणि चाकं. सगळे त्याला क्रोमच म्हणत, आजही म्हणतात. प्रत्यक्षात तो अ‍ॅल्युमिनियम असतो. प्लास्टिकचे भाग निर्वात पेटीत ठेवतात, आत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करतात, ती भागांवर बसते आणि वर लॅकरचा हात मारतात. मॉडेल बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, कारण ही चकाकी घरातल्या ब्लीचमध्ये बुडवली की उतरते.

हेच पुढेही दिसतं. बारीक पट्ट्यांसाठी ते अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ कागद चिकटवतात. 'स्प्रे क्रोम' म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं चांदीचं असतं. शाळेत परीक्षानळीत चांदीचा आरसा करून दाखवतात, तीच ही प्रक्रिया. आणि ज्यांना धातूवर टिकाऊ थर हवा, ते चकचकीत निकेलवर थांबतात. थोडक्यात, शंभर वर्षांत घरी क्रोमच्या नावानं जे काही झालं, ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियम, चांदी नाहीतर निकेल आहे. यात फसवणूक काही नाही. कल्हई जशी अंगणात मावली, तशा या तीन गोष्टी गॅरेजमध्ये मावतात. क्रोमची टाकी मावत नाही.

मावत नाही म्हणजे नेमकं काय? तुषारांसाठी टाकीच्या काठाला हवा ओढणारी यंत्रणा हवी आणि ओढलेली हवा गाळूनच बाहेर सोडायला हवी. वस्तू धुतलेलं प्रत्येक पाणी विषारी. ते आधी आम्ल करून, रसायन घालून सहासंयुजीचं त्रिसंयुजी करायचं, मग चुन्यानं साका खाली बसवायचा आणि तो साकाही घातक कचरा म्हणूनच द्यायचा. एका लायटरसाठी किंवा आरशाच्या दांडीसाठी इतकं कोण करणार? आणि ओशाचा नियम मालक-नोकर नात्याला लागू होतो. आपल्याच गॅरेजमध्ये छंद म्हणून काम करणाऱ्याचं नाक आणि फुप्फुस तपासायला कुणी येत नाही. त्याची बायको-मुलं ज्या घरात झोपतात, त्याच घराला ते गॅरेज जोडलेलं असतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. क्रोम करायचं नसलं तरी क्रोम होऊ शकतं. बरेच हौशी लोक विजेनं गंज काढतात आणि गंजत नाही म्हणून धनाग्राला स्टेनलेस स्टील लावतात. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतंच, म्हणून तर ते स्टेनलेस. वीज सोडली की ते द्रावणात सहासंयुजी रूपात उतरू शकतं. पाणी पिवळं झालं म्हणजे ते नुसतं गंजाचंच, असं धरून चालू नका. साधं लोखंड लावा. आणि निकेलही अगदी निरुपद्रवी नाही. त्याच्या क्षारांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते, त्यांचे तुषार फुप्फुसाला घातक असतात.

पुलाखालचा मोहल्ला

मग खरं क्रोम होत कुठे होतं? छोट्या दुकानांत. मोटारकंपन्यांचे मोठे विभाग होतेच, पण हौशी माणूस आपला भाग द्यायचा तो शहरातल्या चार-सहा कामगारांच्या जॉब शॉपमध्ये. ही दुकानं कुठे असायची, तर जिथे जागा स्वस्त आणि तक्रार करणाऱ्यांचा आवाज लहान.

सॅन डिएगोमधला बॅरिओ लोगन हा मेक्सिकन-अमेरिकन मोहल्ला घ्या. १९५० च्या दशकात इथल्या वस्तीत कारखान्यांना परवानगी मिळाली. घर, भंगारचं गोदाम, पुन्हा घर, मुलाम्याचं दुकान अशी रांग तयार झाली. १९६३ मध्ये महामार्ग मोहल्ल्यातून आरपार गेला, १९६९ मध्ये डोक्यावरून कोरोनाडो पूल. २२ एप्रिल १९७० ला पुलाखालच्या जागेत हायवे पोलिसांची चौकी होणार हे कळलं, तेव्हा लोकांनी ती जागाच ताब्यात घेतली. तो आजचा चिकानो पार्क. पुलाच्या खांबांवर भित्तिचित्रं आहेत आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे उत्सव भरतो. त्या उत्सवाची शान म्हणजे लोरायडर गाड्या: जमिनीला टेकतील इतक्या खाली आणलेल्या जुन्या शेव्हरोले, नखशिखांत क्रोम. कधीकधी इंजिनाच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागांवरसुद्धा.

याच मोहल्ल्यात २००१-०२ मध्ये राज्याच्या हवा मंडळानं एका छोट्या मुलामा-दुकानाशेजारी हवा मोजली. सहासंयुजी क्रोमियमची पातळी चिंताजनक निघाली. दुकानाला घरं अक्षरशः चिकटून होती. रहिवासी, त्यातही अनेक आया, वर्षानुवर्षं मुलांच्या दम्याबद्दल बोलत आल्या होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००२ मध्ये ते दुकान बंद झालं.

ज्यांना क्रोम मनापासून आवडतं आणि ज्यांना ते श्वासातून मिळतं, ते इथे एकाच गल्लीत राहत होते. म्हणून 'हौशी विरुद्ध सरकार' ही मांडणी मला अपुरी वाटते. त्यात कामगारही नाही आणि शेजारीही नाही.

तुषार दाबायला गेलो तर

बॅरिओ लोगनच्या आधीच, १९९५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं क्रोमच्या टाक्यांवर देशभर मर्यादा घातल्या होत्या. दुकानांनी एक सोपा उपाय शोधला: द्रावणावर फेस आणणारं, पृष्ठताण कमी करणारं रसायन टाकायचं. बुडबुडे हळू फुटतात, तुषार कमी होतात. कामगारांसाठी हे चांगलंच होतं. पण त्यासाठी वापरलेलं रसायन होतं पीएफओएस, म्हणजे आज ज्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात त्यांपैकी एक. हवेतला त्रास पाण्यात उतरला. २०१२ च्या नियमानं २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवायला सांगितलं.

२०२३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं शेवटचं पाऊल उचललं. शोभेचं सहासंयुजी क्रोम २०२७ पासून बंद, इमारतीत बदल करावे लागणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत. यंत्रांच्या भागांवरचं जाड क्रोम २०३९ पासून बंद. पर्याय आहे तो त्रिसंयुजी क्रोमचा. तो १९७० च्या दशकापासून बाजारात आहे आणि कितीतरी कमी विषारी आहे. हौशी मंडळींची मुख्य तक्रार त्याच्या रंगाची. छटा किंचित गडद, किंचित उबदार. १९५९ च्या कॅडिलॅकचा एक बंपर नवा आणि एक जुना असेल तर फरक दिसतो. छोट्या दुकानदारांची तक्रार पैशांची आहे, आणि ती खोटी नाही. दुसऱ्या पिढीतले कुटुंबाचे धंदे यात बंद पडतील.

पण रंगाच्या त्या किंचित फरकासमोर दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं, हे आपण ठरवायचं आहे. मराठीत 'मुलामा' हा शब्द आपण खोटेपणासाठी वापरतो: वरून चकचकीत, आतून वेगळं. क्रोमच्या बाबतीत वरचा थर खोटा नसतो. लपलेली असते ती टाकी.

आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. भोसरीपासून लुधियान्यापर्यंत मुलाम्याची छोटी दुकानं आपल्याकडेही आहेत. १९८७ साली आपल्या फॅक्टरी कायद्याला हवेतल्या घातक द्रव्यांच्या मर्यादांचं परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात क्रोमिक अ‍ॅसिड आणि क्रोमेटसाठी लिहिलेली मर्यादा होती घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. ब्लूमफील्ड आणि ब्लम यांनी २३ कामगारांची नाकं तपासून काढलेला आकडा, जवळपास तोच.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा भाग क्रोम करायला द्याल, तेव्हा दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. टाकी त्रिसंयुजी आहे की सहासंयुजी? आणि टाकीच्या काठावर हवा ओढणारी यंत्रणा चालू आहे का? दुसरा प्रश्न १९२८ सालीच विचारून झालेला आहे. उत्तर मात्र अजून दुकानादुकानात जाऊनच शोधावं लागतं.